सुकी फळं आणि मसाल्याची बिस्कॉटी घरच्या घरी: एकदा भाजायची, मग वाळवायची

कोथिंबीर वडी करता येते ना? मग बिस्कॉटी अर्धी आलीच तुम्हाला. उंडे वळायचे, एकदा शिजवायचे, गार करायचे, कापायचे आणि मग परत शिजवायचे, क्रम अगदी तोच आहे, फक्त वाफेच्या आणि तळणाच्या जागी दोन्ही वेळा ओव्हन. आणि उंडे गरम असताना सुरी लावली की जे वडीचं होतं तेच बिस्कॉटीचं होतं, चुरा.

नावातच कृती आहे. लॅटिनमध्ये 'बिस' म्हणजे दोनदा आणि 'कोक्तुस' म्हणजे शिजवलेलं, आपला रोजचा 'बिस्किट' शब्दही त्याच मुळातला. इटलीत मात्र बिस्कॉटी म्हटलं की कुठलंही बिस्किट, आपण ज्याला बिस्कॉटी म्हणतो त्या तिरक्या कापलेल्या लांबट बदामी तुकड्यांना तिकडे टस्कनीत कान्तुच्ची म्हणतात, आणि त्याचं गाव म्हणजे फ्लोरेन्सजवळचं प्रातो. तिथे अंतोनियो मात्तेई यांनी 1858 मध्ये काढलेलं दुकान अजून चालू आहे, निळ्या कागदी पुड्यात देतात. त्या प्रातोच्या पद्धतीत फक्त मैदा, साखर, अंडी, बदाम आणि चिलगोजासारख्या पाइनच्या बिया, लोणी नाही, तेल नाही, म्हणून ती चांगलीच कडक असतात आणि जेवणानंतर विन सांतो नावाच्या गोड वाइनमध्ये बुडवून खातात. आपण चहात टोस्ट बुडवतो तसंच की. टोस्टही दोनदा भाजलेलाच, आधी पाव भाजतात, मग काप करून परत भट्टीत.

सुकी फळं आणि भरपूर मसाला घातलेली बिस्कॉटी हा या मूळ प्रकाराचा पुढचा अवतार. मला तो जास्त आवडतो, पण थोडा नाजूक आहे, कारण फळात ओलावा असतो आणि बिस्कॉटीचं सगळं गणित ओलावा घालवण्याचं आहे. मी बरेच घाणे केल्यावर मला एक गोष्ट पटली ती अशी की पहिल्या वेळी आपण भाजतो आणि दुसऱ्या वेळी भाजत नाही, वाळवतो. सांडगे-कुरडया उन्हात घालतो तसं ओव्हनमध्ये वाळवण घालायचं. हे डोक्यात बसलं की तापमान, वेळ, जाडी, फळांचे तुकडे हे सगळं आपोआप समजत जातं.

साहित्य (साधारण 28 ते 32 तुकडे)

मैदा 250 ग्रॅम, साखर 140 ग्रॅम (बारीक दाण्याची, पिठीसाखर नको), अंडी 2 मध्यम आकाराची, लोणी किंवा बटर 40 ग्रॅम, बेकिंग पावडर 1 सपाट टीस्पून, मीठ पाव टीस्पून, अख्खे बदाम सालासकट 80 ग्रॅम, सुकी फळं मिळून 100 ग्रॅम, एका संत्र्याची किसलेली साल. मसाल्यात दालचिनी पूड 1 टीस्पून, सुंठ अर्धा, वेलची अर्धा, जायफळ पाव टीस्पून आणि 2 लवंगा कुटून. बटर खारट असेल तर वेगळं मीठ घालू नका. वजनकाटा नसेल तर मैद्याचे साधारण दोन कप होतात, पण कप प्रत्येकजण वेगळा भरतो आणि या पिठात 30 ग्रॅमनी सुद्धा फरक पडतो, त्यामुळे वजनच करा, खरंच.

लोणी घातलेलं प्रातोच्या लोकांना चालणार नाही, पण घरात लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतात, त्यांच्या दातांचा विचार करून मी 40 ग्रॅम घालते. कुरकुरीत होतात पण दगड होत नाहीत. पूर्ण वगळायचं असेल तर वगळा आणि मळताना एखादा चमचा दूध जास्त लागेल. तूप वापरायचं असेल तर 32-33 ग्रॅम पुरतं, कारण बटरमध्ये थोडं पाणी असतं, तुपात नसतं.

आणखी एक, 250 पैकी 30 ग्रॅम मैदा काढून तेवढा बारीक रवा घातला तर चावताना जो आवाज येतो तो फार छान येतो. हे नानकटाईवरून सुचलं मला.

फळं कोणती आणि त्यांचं काय करायचं

इथे जरा थांबू, कारण बिघडतं ते बहुतेक इथेच.

जर्दाळू, अंजीर, बेदाणे, क्रॅनबेरी, काळा मनुका, खजूर, सगळं चालतं पण सगळं एकत्र नको, दोन किंवा फार तर तीन. माझी आवडती जोडी जर्दाळू आणि बेदाणे, एक आंबटसर एक गोड. बेदाणा तासगाव-सांगलीकडचा हिरवट लांब दाण्याचा मिळाला तर उत्तम, तो मऊ असतो. जर्दाळू बाजारात दोन प्रकारचे दिसतात, एक नारिंगी मऊ बिनबियांचा, तो नारिंगी राहतो कारण त्याला सल्फर डायऑक्साइड दिलेला असतो, आणि दुसरा तपकिरी, आत बी असलेला, कडक. चवीला तपकिरी जास्त दाट लागतो पण तो भिजवावा लागतो. अंजीर पुरंदरचे आपण ताजेच खातो, सुके माळेत ओवलेले येतात ते बहुतेक अफगाणिस्तानातून, त्यांचा देठ कापून टाका, तो भाजल्यावर तारेसारखा लागतो. खजूर घातलात तर कमी घाला, फार चिकट असतो आणि सुरीला धरतो.

तुकडे हरभऱ्याएवढे. मोठे ठेवले तर कापताना सुरी फळाला अडते, फळ ओढलं जातं आणि त्याच्याबरोबर आजूबाजूची बिस्कॉटी तुटून येते. फारच बारीक केले तर पिठात विरघळल्यासारखे होतात आणि सगळं पीठ चिकट होतं.

भिजवायचं का? फळ मऊ असेल तर नाही. कडक असेल तर कोमट संत्र्याच्या रसात किंवा नुसत्या पाण्यात 10 मिनिटं, बस. मग निथळून, कोरड्या पंचावर पसरून, वरून दाबून पुसायचं आणि अर्धा तास पंख्याखाली ठेवायचं. मी एकदा घाईत नुसतं चाळणीत निथळून घातलं होतं, बिस्कॉटी त्या दिवशी सुंदर झाली आणि दुसऱ्या दिवशी डब्यातली प्रत्येक मऊ पडली होती, कारण फळातलं पाणी हळूहळू बिस्किटात झिरपतं. डबा घट्ट असला तरी काही उपयोग नाही, ओलावा आतच असतो. घालण्याआधी फळांवर चमचाभर मैदा भुरभुरून हलवून घ्या (वजन केलेल्यातलाच), म्हणजे तुकडे एकमेकांना चिकटून एका जागी गोळा होत नाहीत.

बदाम मात्र अख्खेच. 160 डिग्रीवर 8 मिनिटं आधी भाजून घेतले तर चव दुप्पट होते. पूर्ण गार झाल्यावरच घाला. कापल्यावर बदामाचा जो पांढरा काप दिसतो तेच तर बिस्कॉटीचं रूप.

मसाला

विकतची दालचिनी पूड जुनी असेल तर ती घालून काही उपयोग नाही, दोनदा ओव्हनमध्ये जाणार आहे ती, वास कुठून राहणार. अख्खे मसाले घ्या, तव्यावर अगदी मंद आचेवर मिनिटभर गरम करा (भाजायचे नाहीत, नुसते कोरडे करायचे), मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवून बारीक चाळणीने चाळा. जायफळ आयत्या वेळी किसा. बाजारात जी जाड, कडक दालचिनी मिळते ती तिखटसर आणि जोरकस असते. कोकणात मसाल्याच्या बागेतून पातळ सालीची, बोटाने चुरगळणारी मिळते ती गोडसर, ती मिळाली तर 1 च्या जागी दीड टीस्पून घाला. लवंगेचा हात मात्र आवरा. 2 म्हणजे 2. तिसरी घातली की बाकी सगळे मसाले गप्प होतात आणि दाताच्या औषधाची आठवण येते.

टस्कनीत पुष्कळ घरी अनिस म्हणजे बडीशेपेच्या जवळचं बी घालतात. आपली बडीशेप त्याला चांगली उत्तर देते. तो स्वाद हवा असेल तर 1 टीस्पून बडीशेप जाडसर कुटून घाला आणि सुंठ-लवंग वगळा, बडीशेप आणि अंजीर ही जोडी करून बघाच. दिवाळीच्या सुमारास मी नुसती वेलची-जायफळ आणि बेदाणे घालून करते, ती घरात सगळ्यांना ओळखीची वाटते, श्रीखंडाचा वास म्हणतात.

संत्र्याची साल किसताना फक्त वरचा नारिंगी भाग, पांढरं आलं की कडू. आणि संत्र सोलायच्या आधी किसा, नागपुरी संत्र्याची साल सुटी आणि ढिली असते, सोलल्यावर किसणीवर धरताच येत नाही. किसलेली साल साखरेत घालून बोटांनी चोळा, साखर ओलसर आणि केशरी होते आणि वास सगळा साखरेत उतरतो.

पीठ

ओव्हन 170 डिग्रीवर लावून ठेवा, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, जाळी मधल्या खाचेत. ओटीजी निदान 15 मिनिटं आधी तापवा. स्वस्तातलं ओव्हन थर्मामीटर मिळतं ते एक घेऊन आत टांगा, कारण बटणावर 170 असतं आणि आत 150 किंवा 195 असतं, हे माझ्या दोन्ही ओटीजीत दिसलंय.

साखर-साल चोळलेल्या भांड्यात अंडी (फ्रिजमधून तासभर आधी बाहेर काढलेली) फोडा आणि 3-4 मिनिटं फेटा, हाताने असेल तर जरा जास्त, मिश्रण फिकट आणि जाडसर व्हायला हवं. वितळवून गार केलेलं बटर घाला. मैदा, बेकिंग पावडर, मीठ आणि मसाले एकत्र दोनदा चाळून त्यात घाला आणि कालथ्याने वरखाली करत मिसळा, कोरडं पीठ जवळपास दिसेनासं झालं की लगेच बदाम आणि फळं. फार मळायचं नाही, चपातीची कणीक नाही ही, मळलं की ग्लुटेन वाढतं आणि मग कुरकुरीत न होता चिवट-कडक होतं.

पीठ चिकट असणार. बघून भीती वाटते आणि हात मैद्याच्या डब्याकडे जातो, पण नका घालू. झाकून 15 मिनिटं ठेवा, मैदा ओलावा पितो आणि पीठ आपोआप आवरतं. तरीही हाताला पार चिकटून धागे येत असतील तर अंडी मोठी होती असं समजून 1-2 चमचे घाला.

ट्रेला बटर पेपर लावा, हात पाण्याने ओले करा, पिठाचे दोन भाग करून दोन उंडे, प्रत्येक साधारण 22 सेंटीमीटर लांब, 6 रुंद आणि 2 उंच, वरून थोडे चपटे. दोघांत चार बोटं अंतर ठेवा कारण पसरतात. छोट्या ओटीजीत दोन मावत नसतील तर एकेक भाजा, दुसरा तोवर फ्रिजमध्ये राहू दे. वरून दूध किंवा उरलेलं अंडं ब्रशने लावून थोडी जाड साखर भुरभुरवा. पृष्ठभागावर डोकं वर काढलेली फळं बोटाने आत दाबा नाहीतर तीच आधी जळतात.

पहिली भाजणी

170 डिग्रीवर 25 ते 28 मिनिटं. 20 मिनिटांनी एकदा ट्रे फिरवा. वरून फिकट सोनेरी, मधून तडे गेलेले, आणि बोटाने दाबलं तर घट्ट पण किंचित स्पंजी लागलं की झालं. तड्यांच्या आत बघा, ओलं चकचकीत दिसत असेल तर अजून 4 मिनिटं. इथे कमी भाजलं तर पुढच्या वाळवणात ते भरून निघत नाही, मधे कच्च्या पिठाची एक रेघ राहते आणि ती नंतर दगडासारखी होते.

मग बाहेर काढा आणि थांबा. 15-20 मिनिटं. या वेळात स्वयंपाकघरात इतका वास सुटलेला असतो की कुणीतरी येतंच विचारायला, पण द्यायचं नाही. गरम असताना आतला भाग पावासारखा मऊ असतो, सुरीने फाटतो. आणि उलट, दोन तास विसरलात तर वरचा पापुद्रा इतका कडक होतो की बदामाशी सुरी अडखळली की काप मधूनच मोडतो. हाताला कोमट लागेल तेव्हा कापायचं. कापायच्या 5 मिनिटं आधी वरून पाण्याचा अगदी हलका फवारा मारला (इस्त्रीच्या कपड्यांवर मारतो तो स्प्रे, स्वच्छ असलेला) तर वरची साल मऊ होते आणि काप सरळ येतात. वरची साखर थोडी ओली होते, ती नंतर वाळते.

दातेरी ब्रेडची सुरीच हवी. आधी करवतीसारखं हळूहळू मागेपुढे करत वरची साल कापा, मग खाली नेताना अधूनमधून तसंच, दाबायचं नाही. तिरके काप, जाडी 1.5 सेंटीमीटर म्हणजे करंगळीएवढी. पातळ केले तर फळाच्या जागी मोडतात. जाड केले तर आतून वाळत नाहीत. पहिले दोन-तीन काप तुटले तर सुरी ओल्या फडक्याने पुसून घ्या, फळाचा चिकटा बसलेला असतो. दोन्ही टोकांचे लहान तुकडे चव बघायला, ते वाटायचे आता.

दुसरी वेळ, म्हणजे वाळवण

ओव्हन 140 वर आणा. पुष्कळ ठिकाणी दुसऱ्यांदाही 170-180 लिहिलेलं असतं, साध्या बदामाच्या बिस्कॉटीला ते कदाचित चालेल, फळांच्या बिस्कॉटीला नाही. कापल्यावर फळाची उघडी बाजू वर आलेली असते, त्यात साखर भरपूर, ती बिस्किट वाळायच्या आधीच काळी पडते आणि कडू होते. मंद आणि जास्त वेळ, पापडाला कडक उन्हापेक्षा दिवसभराचा वारा जसा मानवतो तसं.

काप जाळीवर उभे करता आले तर सगळ्यात छान, तळाचा कडा खाली, दोन्ही कापलेल्या बाजू मोकळ्या, मग उलटायची भानगड नाही, 20 ते 25 मिनिटं. आडवे ठेवले तर 12 मिनिटांनी उलटा आणि अजून 10. ओव्हन बंद करून दार लाकडी चमचा अडकवून थोडं उघडं ठेवा आणि आत तसंच अर्धा तास राहू द्या, वाफ बाहेर जाते.

काढल्यावर दाबून बघाल तर मधे किंचित मऊ वाटेल. घाबरून परत आत ढकलू नका. गरम साखर मऊ असते, गार होताना ती कडक होते, त्यामुळे खरा कुरकुरीतपणा पूर्ण गार झाल्यावरच कळतो. गार झाल्यावर एक मोडून बघा, कट्ट आवाज आला पाहिजे. नाही आला तर 140 वर अजून 6-8 मिनिटं. फळ मात्र मऊच राहणार, ते चिवट-मऊ आणि भोवती कुरकुरीत, तीच तर गंमत.

एअर फ्रायर असेल तर पहिली भाजणी ओव्हनमध्येच करा, पण वाळवण एअर फ्रायरमध्ये झकास होतं कारण पंख्याने ओलावा भराभर जातो, 140 वर 8 मिनिटं, मधे एकदा बघा.

अंड्याशिवाय

आमच्याकडे चतुर्थी-एकादशीच्या सुमारास पाहुणे आले की हीच होते. 2 अंड्यांच्या जागी 90 ग्रॅम घट्ट दही आणि लागेल तसं 2-3 टेबलस्पून दूध, बटर 40 ऐवजी 60, आणि बेकिंग पावडरशिवाय पाव टीस्पून खायचा सोडा. दही पातळ असेल तर फडक्यात अर्धा तास टांगून घ्या. अंड्याचं बांधून ठेवणारं काम इथे कुणी करत नाही, त्यामुळे हे उंडे जास्त ठिसूळ असतात. म्हणून पहिली भाजणी झाल्यावर पूर्ण गार करून तास-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मग कापा, थोडे जाडच, 2 सेंटीमीटर. जाड आहेत म्हणून वाळवण 10 मिनिटं जास्त.

कणकेची करायची असेल तर निम्मा मैदा निम्मी कणीक, दूध 1-2 चमचे जास्त. पूर्ण कणकेची मी केली आहे, चव खमंग येते पण ती कुरकुरीत न होता कडक होते, मला नाही पटली.

बिघडलं तर

उंडा पसरून भाकरी झाली: पीठ सैल होतं किंवा ओव्हन पुरता तापला नव्हता. पुढच्या वेळी वळलेले उंडे 20 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग भाजा. मधे पोकळी आली तर वळताना हवा राहिली, उंडा वळताना दाबत वळायचा. खाली काळं आणि वर पांढरं म्हणजे ट्रे खालच्या रॉडच्या फार जवळ आहे, एक खाच वर घ्या किंवा खाली दुसरा ट्रे ठेवा. आणि काप कापताना सगळेच मोडले तर तो चुरा फेकू नका, 140 वर वाळवून डब्यात भरा, श्रीखंडावर किंवा आइस्क्रीमवर घाला, फार सुंदर लागतो.

साठवण

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात, तळाला हात लावून बघा, जरासं कोमट असलं तरी झाकणाला आतून घाम येतो. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या किंवा काचेच्या बरणीत सुक्या फळांची बिस्कॉटी दोन आठवडे मस्त राहते. चिवडा-चकलीच्या डब्यात नको, तेलाचा आणि मसाल्याचा वास लगेच धरते. पुण्यात थंडीत काही बघावं लागत नाही, पण पावसाळ्यात मुंबईत, कोकणात, गोव्यात डबा दोनदा उघडला की मऊ पडायला लागते. तेव्हा हवी तेवढीच काढा, 130 डिग्रीवर 8 मिनिटं, गार होऊ द्या, परत तशीच कुरकुरीत. लांब पाठवायची असेल, कुणाच्या हॉस्टेलवर वगैरे, तर फळं 100 च्या जागी 60 ग्रॅम करा आणि बदाम वाढवा, वाळवण 5 मिनिटं जास्त, आणि उभ्या रांगेत घट्ट भरून मधे बटर पेपरच्या घड्या घाला म्हणजे टोकं तुटत नाहीत.

चहात बुडवताना टोस्टपेक्षा जास्त वेळ धरावी लागते, चार-पाच सेकंद, आणि चहा आल्याचा असेल तर मसाल्यातली सुंठ वगळा.